हजेरीमास्तर

हजेरीमास्तर म्हणजे कोण, हे आता सांगावं लागतं. आमच्या वेळी प्राथमिक शिक्षण सक्तीचं होऊन काही वर्षं झाली होती, आणि सक्ती म्हटली की ती करणारा माणूस लागतोच. गावोगावच्या शाळांचे हजेरीपट तपासायचे, येत नाहीत त्या पोरांच्या घरी जायचं, आईबापांना समज द्यायची, नाहीच ऐकलं तर नोटीस, आणि प्रत्येक नावापुढे न येण्याचं कारण लिहून फॉर्म वर पाठवायचा, असं ते काम. कागदोपत्री त्या पदाला लांबलचक इंग्रजी नाव होतं, लोक आपले हजेरीमास्तर म्हणत. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा सातकरांकडे होता आणि तो सगळा ते सायकलवर पालथा घालत.

मी तेव्हा वीस वर्षांची. ट्रेनिंग संपवून मोशीच्या पुढच्या एका गावात मास्तरीण म्हणून रुजू झाले होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात आमच्या शाळेची शोभा नाही आणि माझी तर मुळीच नाही. शाळा दोन खोल्यांची. एकीत हेडमास्तर, एकीत मी. पुण्याहून आल्याचा थोडा तोरा होता, तो पहिले आठ दिवस टिकला, नवव्या दिवशी सातकर आले.

दारात एक उंच, काटकुळा माणूस उभा. धोतराला घोट्याशी सायकलची क्लिप, कानावर तांबडी पेन्सिल. मी खुर्ची पुढे केली.

"नको बाई. बसलो की पोरं निसटतात," म्हणाले, आणि उभ्याउभ्या पट वाचायला लागले. वाचतानाही एक पाय हलत होता. एका नावावर पेन्सिल थांबली. "मालन कोंडिबा. चौथी. तीन महिने गैरहजर. कारण?"

"आजारी आहे."

"काय होतं?"

"पोटात दुखतं म्हणतात."

"कधी दुखतं?"

"सकाळी."

"आणि रविवारी सकाळी?"

मला काय ठाऊक?

"विचारून ठेवा," सातकर म्हणाले. "'आजारी' हे काय कारण झालं? निम्म्या तालुक्याचं तेच कारण आहे. खरं लिहा."

छापील फॉर्मात चारच कारणं होती: आजार, शेतकाम, स्थलांतर, इतर. बाकीचे हजेरीमास्तर पहिल्या तिनांत सगळी पोरं बसवून मोकळे होत. सातकर 'इतर'समोर मुंगीएवढ्या अक्षरात लिहीत. जागा पुरली नाही की समासात, समास संपला की पाठीमागे. वरून फॉर्म परत येई, 'संक्षिप्त लिहावे' असा शेरा घेऊन. सातकर तो शेरा वाचत, मान डोलावत आणि पुढच्या महिन्यात आणखी लांब लिहीत.

त्या माणसाच्या पायाला भिंगरी होती. भाकरीसुद्धा सायकलला टेकून खात. बोलताना एका हाताने पेडल उलटं फिरवत राहत, त्याच्या कटकट आवाजाने ऐकणाऱ्याचा जीव हैराण होई. निरोप घेऊन निघत, चार पावलं जाऊन परत येत, "त्या पोराच्या धाकट्या भावाचं काय म्हणालात?" असं विचारत, पुन्हा निघत, पुन्हा येत. चिंचवडात एका खोलीत एकटेच राहत. ते येऊन गेले की मला दुपारभर करमत नसे, काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटत राही. वर्गातल्या एकेका पोराकडे मी नव्याने बघायला लागे आणि नसते घोर लागत.

पिंपरीच्या पोराची गोष्ट त्यांनीच सांगितली, तीही शाळेच्या अंगणात येरझारा घालत. फाळणीनंतर पिंपरीला निर्वासितांची छावणी बसली होती. तिथल्या नऊ वर्षांच्या एका पोराचं, लच्छूचं, आगगाडीची शिटी वाजली की भान जाई. बाकाखाली शिरायचा, मूठ तोंडात कोंबायचा, अर्धा तास बाहेर येत नसे. शाळा रुळापासून हाकेच्या अंतरावर. मास्तरांनी त्याला खोडकर ठरवून छडीचा प्रयोग करून पाहिला. मग सातकर त्याच्या आजीकडे गेले. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं. ती माणसं गाडीतून आली तेव्हा वाटेत काय घडलं ते तिनं सांगितलं. काय सांगितलं, ते सातकरांनी मला कधी सांगितलं नाही.

"मग मी काय करनार, बाई? मी काय डॉक्टर? तरातरा स्टेशनात गेलो, सगळ्या गाड्यांच्या वेळा पुठ्ठ्यावर उतरवून आनल्या, मालगाड्यांच्या पण. पुठ्ठा त्याच्या बाकापाशी टांगला. म्हटलं, लच्छू, आता गाडीची वर्दी वर्गाला तू द्यायची."

पंधरा दिवसांत पोरगं हात वर करून सांगायला लागलं, "मास्तरजी, अब गाडी आयेगी." गाडी जाताना बाकाची कड घट्ट धरायचं, पण बाकावर बसून. मी म्हटलं, छान झालं की. सातकरांच्या कपाळाच्या आठ्या काही गेल्या नाहीत. "कसलं छान? मालगाड्यांना वेळेचा भरवसा न्हाई. पोराची फार पंचाईत होते," असं म्हणत ते त्याच पावली पिंपरीला निघाले.

आणखी एक विचित्र सवय म्हणजे कांदे. एकट्या माणसाच्या पिशवीत दर आठवड्याला दोन-तीन शेर कांदे असत. शाळाशाळांतून ते वाटून टाकत. हेडमास्तर म्हणत, "सातकरांचं चाकणच्या अडत्याशी काहीतरी साटंलोटं दिसतंय." मीही हसत असे. मग एका बाजाराच्या दिवशी मी मैत्रिणीकडे चाकणला गेले होते, तिथं सातकर दिसले. कांद्याच्या ढिगापाशी घुटमळत होते. पलीकडे सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा पोती उचलत होता. बाकीचे हमाल शेडच्या सावलीत टेकलेले, हा एकटा उन्हात. सातकर त्याच्याकडे गेले, कांदे मागितले. त्यानं तराजूत घातले, पिशवीत ओतले, पण नजर वर केली नाही. त्याची पाठ वळेपर्यंत सातकर तिथेच उभे होते.

मग मला पाहून ओशाळले. मी काही विचारलं नाही, तरी सांगायला लागले.

"हा दत्तू. उचलबांगडी ठाऊक हाय ना तुम्हाला?"

ठाऊक होती. शाळा चुकवणाऱ्या पोरावर चार दांडगी पोरं सोडायची, दोघांनी हात धरायचे, दोघांनी पाय, आणि झोळीसारखं लोंबकळत वर्गात आणून टाकायचं. बाया दारात येऊन बघत, हसत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. माझ्या वडिलांचीही झाली होती आणि ते कौतुकाने सांगत.

"मी नवा होतो. माझ्या पट्ट्यात हजेरी शंभरात शंभर. साहेब पाठ थोपटायचे. दत्तू आठ वर्सांचा. शाळेत यायचं म्हटलं की थरथरायचा, ओकायचा. मी म्हटलं, नाटक. महिनाभर रोज उचलून आनवला. पहिले पंधरा दिवस लाथा मारायचा, चावायचा. मग थांबला. गप लोंबकळत यायचा." सातकर पिशवीच्या बंदाला पीळ घालत होते. "मी म्हटलं, सुधारला."

"मग?"

"मग बोलायचा बंद झाला. पुढं छपराखाली जायचा बंद झाला. शाळा सोडा, घरात पन न्हाई. अजून अंगनातच निजतो, पावसात वळचणीला. बोलतो आता, कामापुरतं."

"तुम्हाला ओळखतो?"

"ओळखतो. म्हणून तर बघत न्हाई."

"मग दर आठवड्याला कशाला येता इथं?"

"कांदे घ्यायला," ते वैतागून म्हणाले आणि सायकलकडे गेले.

हे सगळं मला माहीत होतं, एवढं वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. मालनच्या बाबतीत मी जे केलं, ते हे माहीत असून केलं.

मालन बारा वर्षांची, चेहऱ्याने तरतरीत, घरात चुरूचुरू बोलणारी. शाळेचं नाव काढलं की ओठ पांढरे पडत. रविवारी पोट दुखत नसे, हे मी विचारून ठेवलं होतं. तिच्या आजीच्या मते बाहेरचं होतं. अंगारे झाले, उतारे झाले. बाप कोंडिबा तापट नव्हता, पण थकला होता. "साळा न्हाई तर सासर," त्याने सांगून टाकलं होतं. "पोरगी घरात कितीदी बसवू? वैशाखात उरकतो." स्थळही बघून ठेवलं होतं, नाशकाच्या बाजूचं. ज्या पोरीला तीनशे साठ पावलांवरच्या शाळेत जाववत नव्हतं, तिला दोन दिवसांच्या वाटेवर पाठवायचं ठरत होतं.

सातकर आठवड्यातून तीनदा सकाळी तिच्या दारात जाऊ लागले. शाळेचा विषय नाही. गोठ्यापाशी उभं राहून इकडचं तिकडचं बोलायचे. त्यांच्या लक्षात आलं की आई, सरूबाई, विहिरीवर गेली की पोरगी मागे जाते, आई आत गेली की ही उंबऱ्यात. एकदा त्यांनी सहज विचारलं, "मालन, तू शाळेत बसलीस तर इथं घरी काय व्हईल गं?"

"आई न्हाई ऱ्हायची," ती म्हणाली.

चार-पाच महिन्यांपूर्वी सरूबाई बाळंतपणात अडली होती. गाडीत घालून तिला पुण्याला नेली. मालन तेव्हा शाळेत. संध्याकाळी घरी आली तर चूल गार, घरात कोणी नाही, जोत्यावर रक्त. शेजारणीने तिला जेवायला वाढलं आणि काही सांगितलं नाही. बाप येई-जाई, तोही काही बोलला नाही. तीन आठवड्यांनी आई परतली, बाळाशिवाय. तेव्हाही कोणी काही सांगितलं नाही. लेकरांना काय सांगायचं, अशी आपल्याकडे रीतच.

सातकरांनी फॉर्मात 'इतर'समोर हे सगळं लिहिलं आणि मग जे काम काढलं त्याला नियमात जागा नव्हती. रोज सकाळी सरूबाईने पोरीला दिवसभराचा बेत सांगायचा: आता दळण, मग पाटावर धुणं, मग भाकरी घेऊन मळ्यात. आणि पोरीने स्वतःच्या पायांनी जमेल तितकं जायचं. कुठे थांबायचं ते तिनं ठरवायचं. कोणी हात लावायचा नाही, 'अजून थोडं' म्हणायचं नाही, शाबास म्हणायचं नाही. सातकर दहा पावलं मागे. पहिल्या दिवशी गोठा. आठवड्याने वेस. एकदा विहिरीपर्यंत येऊन ती पळत माघारी गेली, पुढचे चार दिवस गोठाही नाही. सातकर फॉर्मावर पावलांचे आकडे लिहीत. गावात टिंगल सुरू झाली की हजेरीमास्तर आता पोरी चालायला शिकवतो. मलाही मधूनमधून कंटाळा येई. वैशाख जवळ येत होता आणि हे गोगलगायीचं चालणं.

पण माघ संपता संपता ती शाळेच्या अंगणातल्या लिंबापर्यंत पोचली. तिथे बसून पाटीवर लिहायची. मी खिडकीतून शुद्धलेखन घालायची. लिंबापासून माझ्या दारापर्यंत वीस पावलं राहिली होती.

आणि तपासणीला दिपोटीसाहेब येणार अशी वर्दी आली. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. पट भरलेला दिसला नाही तर शाळेची एक खोली जाईल अशी आवई उठली होती, आणि खोली गेली तर जाणार होते मी. सातकर त्या दिवशी चाकणच्या बाजूला होते.

"वीस पावलं तर राहिली, बाई," हेडमास्तर म्हणाले. "एवढी आली ती काय कमी आहे? एकदा आत बसली की भीती मोडेल. तुम्हाला काय वाटतं?"

मला तसंच वाटलं. मला वाटलं, पोरीचंही भलं होईल, लग्न टळेल, आपली नोकरीही राहील. मी मान हलवली. सातवीतली चार पोरं लिंबाकडे गेली, मालनने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, खिडकीकडे, पाहिलं. त्यांनी तिला उचललं तेव्हा मी बाहेर जाऊन तिची पाटी उचलून आणली. एवढंच काम मी केलं.

ती ओरडली ती दारापर्यंत. आत आल्यावर आवाज थांबला. जिथे ठेवली तिथे बसली, भिंतीकडे बघत. खाली ओल पसरत गेली. दिपोटीसाहेबांनी दारातूनच मुंडकी मोजली, 'हजेरी समाधानकारक' असा शेरा लिहिला आणि चहाला गेले. तिचं पुढे काय करायचं ते मला सुचेना. शाळा सुटली तशी ती उठून भिंतीभिंतीने घरी गेली.

सातकर दुसऱ्या दिवशी आले. त्यांना वेशीवरच कळलं होतं. मी रडत होते, ते रडणं त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"किती पावलं राहिली होती?"

"वीस."

"आता तीनशे साठ," म्हणाले आणि सायकल तिथेच टाकून तिच्या घराकडे निघाले. मीही मागोमाग गेले. नाही गेले असते तर त्या शाळेत मला पुढे उभं राहता आलं नसतं.

मालन माजघरात कणगीमागे होती. कोंडिबा अंगणात दोर वळत बसला होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "मास्तर, लई केलंत. आता वैशाखात उरकतो. माझा इलाज न्हाई."

"कोंडिबा, वरातीच्या गाडीत तिला कोन घालनार?" सातकर म्हणाले. "तीच चार पोरं बोलवायची का?"

दोर वळणारे हात थांबले.

"मी आजवर शेकड्यानं पोरं उचलून आनली," सातकर म्हणाले, "उचलून आनलेलं पोरगं कुटंच पोचत न्हाई." मग त्यांनी दत्तूचं सगळं सांगितलं, येरझारा घालत, काही न झाकता. स्वतःचं नाव पुढे करून. ऐकताना मला वाटलं, हा माणूस स्वतःला पुन्हा एकदा चावडीवर उभा करतो आहे, आणि तेही दुसऱ्याच्या चुकीपायी. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. म्हणून मीच बोलले. "मी अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही."

कोंडिबा माझ्याकडे बघतच राहिला. मास्तरणीने चूक कबूल करायची, याची त्याला सवय नव्हती.

मग दारातून सरूबाई बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "औंदा लगीन न्हाई."

"अगं पर..."

"न्हाई म्हंते ना. माझं एक गेलं. हिला मी अशी न्हाई धाडायची."

कोंडिबाने बराच वेळ दोर चाचपला. "दिवाळीपातूर बगतो," म्हणाला. "त्याच्या म्होरं माझं कोनी ऐकू नका, मी कोनाचं ऐकनार न्हाई."

सातकर कणगीपासून सुरू झाले. आता आधीपेक्षा अवघड होतं. ती त्यांच्याकडे बघायचीही नाही. वरून त्यांना कानपिचक्या आल्या होत्या, एका पोरीवर सरकारी वेळ घालवू नये म्हणून. त्यांनी शिल्लक रजा काढली आणि रजेवर असताना येऊ लागले. मिरगाच्या सुमाराला ती उंबऱ्यात आली. श्रावणात वेस. या खेपेला माझ्याशी ती बोलत नसे. ते योग्यच होतं. मी खिडकीत दिसले की ती थांबे, म्हणून मी खिडकीत जाणं सोडलं. मुळाक्षरं शिकवताना माझं सगळं लक्ष बाहेरच्या वाटेकडे असे आणि मान वळवायची चोरी.

दिवाळीला बारा दिवस राहिले असताना माझी बदली झाली, तळेगावला. नव्या बाई आल्या. त्यांना मी एकच गोष्ट तीन-तीनदा सांगितली, तिला हात लावायचा नाही. त्या वैतागल्या. ट्रंक घेऊन मी सकाळच्या मोटारीत बसले. मोटार गावाबाहेरच्या रस्त्याने निघाली आणि विहिरीपाशी सातकर हात आडवा करून मधोमध उभे राहिले. ड्रायव्हरने शिवी हासडत ब्रेक दाबला.

सातकर माझ्या खिडकीशी आले. त्यांना धाप लागली होती.

"आज एकटी गेलीय," म्हणाले. "मला म्हणाली, विहिरीच्या म्होरं यायचं न्हाई तुमी. कबूल केलंय मी. इथनं या भिताडापायी काही दिसत न्हाई. बाई, तुम्ही उंचावर हाय. जरा बघा ना, पोचली का?"

मी उठून उभी राहिले. भिंतीपलीकडे शाळेचं अंगण दिसत होतं. अंगण रिकामं होतं, लिंबाखाली कोणी नव्हतं. मालन दारापुढच्या पायरीवर उभी होती. पाटी छातीशी धरलेली. ती हलत नव्हती. मी वाट पाहिली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, मागच्या बाकावरचे लोक कुरकुरायला लागले, तरी ती हलली नाही.

सातकरांनी खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"पोचली," मी म्हणाले. "आत गेली."

त्यांनी डोळे मिटले आणि कड सोडली. मोटार निघाली. मी मागे वळून बघत राहिले. दारातून नव्या बाई बाहेर आल्या, तिच्यापासून हातभर अंतरावर थांबल्या, आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले. वळणावर दिसेनासं होईपर्यंत मालन पायरीवरच होती, आणि तिचं तोंड शाळेकडे होतं.